वस्तूचे गाव कोणते?

परदेशी गेलेला आपला मनुष्य दुकानात वस्तू हाती घेतली, की आधी तिचा तळ उलटून पाहतो. पॅरिसच्या आयफेल मनोऱ्याच्या प्रतिकृतीवर चीनचे नाव आढळले, की तो ती मुकाट्याने खाली ठेवतो. आठवण न्यायची तर तिथल्याच हातची असावी, हा त्याचा आग्रह मला मोलाचा वाटतो; त्यात कारागिराविषयी आदर आहे. प्रश्न एवढाच, की हा आदर त्याच्याबरोबर मायदेशी परततो काय?

कल्याणच्या पुढे उल्हासनगर लागते. 'मेड इन यू. एस. ए.' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन', हा विनोद ज्याने ऐकला नाही असा मुंबईकर विरळा. पण हसण्यापूर्वी थोडे मागे पाहावे. महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत १९४७ नंतर सिंधमधून आलेले निर्वासित राहिले. १९४९ साली त्या वसाहतीला उल्हास नदीवरून नाव मिळाले. तिथले पत्ते अजूनही कॅम्पच्या आकड्यांनी सांगतात. ज्यांचे गावच गेले त्या माणसांनी पापड लाटले, कपडे शिवले, दुकाने थाटली. मग मालावर परक्या देशाचे नाव का चढले? खोटे लेबल लावणारा दोषी खराच. पण तीच विजार उल्हासनगरची म्हणताच निम्म्या भावाने मागणारे गिऱ्हाईक त्या खोट्याचे भागीदार नाही काय?

कुणी म्हणेल, सिंधमधून आलेल्यांची वस्तू इथली कशी? त्याच रेल्वेमार्गावरच्या बदलापूरची जांभळे प्रसिद्ध आहेत. झाडाला आपली माती सोडता येत नाही. माणसाला मात्र ती कधी कधी सोडावी लागते. म्हणून फळाचे गाव म्हणजे माती, आणि हातच्या वस्तूचे गाव म्हणजे ते हात जिथे राबतात ती जागा. या दोन गावांमधल्या अंबरनाथला शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चे शिवालय आहे. तिथल्या शिलालेखात शिलाहार राजा माम्वाणीचे नाव आहे. पण ज्यांनी ते दगड घडवले त्या पाथरवटांचे मूळ गाव कुणी विचारत नाही. देऊळ अंबरनाथचे, यात कुणालाच शंका नाही.

गेलेल्या कारागिराला आपण इतका मान बिनतक्रार देतो. जिवंत कारागिराला तो द्यायला फारसे काही लागत नाही. दिवाळीच्या खरेदीत चांगली वस्तू हाती आली, तर ती कुठे झाली हे जरूर विचारावे. आणि "इथेच" असे उत्तर आले, तर भाव पाडू नये.