चालत्या घरातले मूल

हा अंक वाचकांच्या हाती पडेल, त्या सुमारास फलटण-बारामतीकडच्या माळावर धनगरांची बिऱ्हाडे घोड्यांवर चढू लागलेली असतील. आपल्याकडे दिवाळी हा घरी परतण्याचा सण आहे. त्यांच्याकडे दिवाळी संपली की घर सोडायचे असते. सह्याद्रीच्या पूर्वेचा हा टापू पर्जन्यछायेतला. वर्षाकाठी 500 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि तोही भरवशाचा नाही. पावसाळ्यात उगवलेले गवत कार्तिकात सरते. घाटाखाली मात्र त्याच वेळी भाताची कापणी होऊन खाचरे मोकळी झालेली असतात. मेंढरे घाट उतरतात आणि मृगाच्या आधी पुन्हा चढून जातात. कारण कोकणचा पाऊस मेंढराला सोसत नाही, चिखलात त्याचे खूर सडतात. ही ये-जा कोणाची हौस नाही. पाऊस आणि गवत यांनी ती ठरवून दिली आहे.

मी घाटाखालचा माणूस. वरंध्याच्या पायथ्याशी आमचे थोडे भातशेत आहे. मास्तरकी करून निवृत्त झाल्यावर मी गावीच राहिलो. दर हिवाळ्यात एक वाडा आमच्या शेतात दोन रात्री बसतो. धनगरी बोलीत वाडा म्हणजे दगडमातीचा चौसोपी वाडा नव्हे. आठ-दहा कुटुंबांचा चालता मुक्काम म्हणजे वाडा. गडीमाणसे कळप घेऊन रानातून येतात, बायका घोडी घेऊन वाटेने. घोडीच्या पाठीवर भांडीकुंडी, घोंगड्या, कोंबड्यांचे डालगे, लंगडणारे कोकरू, आणि त्याच्या शेजारी बांधलेले, अजून नीट चालू न लागलेले मूल. मुक्कामाला पोचल्यावर तीन दगडांची चूल पेटते. रात्री मेंढरे जाळ्यात कोंडतात, कुत्री भोवती बसतात. सकाळी शेताला लेंडीखत मिळालेले असते. त्याबद्दल पूर्वी भात द्यायचा रिवाज होता, आता बहुधा पैसे देतात.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. वाडा हलायच्या आदल्या संध्याकाळी त्यातली एक बाई सात वर्षांच्या मुलीला घेऊन आमच्या ओटीवर आली. माझ्याशी न बोलता ती माझ्या पत्नीशी बोलली. “आक्का, हिला ठिवून घेता का? आमी वर जाईस्तवर. साळंत जाईल. तुमचं पाणी भरंल, पडंल ते काम करंल.” माझी पत्नी म्हणाली, “काम नको करायला. राहू दे तिला.” मला तर आनंदच झाला. तो आनंद सर्वस्वी निर्मळ नव्हता, हे मला आज कळते. तीस वर्षे मी हजेरीपट लिहिले. दिवाळीनंतर आमच्याकडची कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जात, आणि त्यांच्या मुलांच्या नावापुढे मी “सतत गैरहजर” असा शेरा मारीत असे. तसा तो मारायचाच असतो. त्या शेऱ्यांचे थोडे तरी परिमार्जन या एका मुलीने होईल, असे मला वाटले असावे.

मुलगी राहिली. शाळेत जाऊ लागली. चार दिवसांत स्वतःचे नाव लिहू लागली. गुरुजी म्हणाले, “पोर हुशार आहे; बेरजेत मात्र लक्ष नाही.” रात्री ती अंथरुणात बसून राही. पहाटे तीनला उठे आणि दारापाशी जाऊन उभी राही. तिच्या घरी ती बिऱ्हाड आवरायची वेळ. नवव्या दिवशी सकाळी ती घरात नव्हती.

आम्ही विहिरी पाहिल्या. विहिरीच्या काठावर वाकून खाली पाहताना माणसाच्या मनात काय येते, ते लिहीत नाही. दुपारी निरोप आला, आणि संध्याकाळी मी मोटारसायकलवर मागे बसून बारा-तेरा किलोमीटरवरच्या एका गावी पोचलो. वाडा तिथे होता आणि मुलगीही तिथे होती. आमच्या शेतानंतर वाडा कुठे किती रात्री बसणार, हे आधी ठरलेले असते आणि तिने ते ऐकलेले होते. दोन रात्री, मग तीन, मग पुन्हा दोन, मग चार. बोटांवर मोजून आठ रात्री झाल्यावर ती चौथ्या मुक्कामाकडे निघाली होती. बेरीज बिनचूक होती.

मी रागावलोच होतो. मुलीची आई मेंढराचे दूध काढीत होती. ती उठली नाही. म्हणाली, “मास्तर, आता हिला मारू का जवळ घेऊ, तुमीच सांगा.” मला उत्तर देता आले नाही. चहा घेऊन मी परत आलो.

तो प्रश्न त्या रात्रीपासून माझ्याजवळ आहे. मारायचे कशाबद्दल? मुलगी शिक्षणापासून पळाली म्हणून. जवळ घ्यायचे कशाबद्दल? ती आईकडे परत आली म्हणून. कृत्य एकच आहे, आणि ते एका बाजूने पाहिले तर दोष ठरते, दुसऱ्या बाजूने पाहिले तर गुण. मुलाचे हित आणि मुलाचे घर या दोन गोष्टी जिथे वेगवेगळ्या दिशांना असतात, तिथे आईबापाने काय करावे?

यावर आपल्याकडे दोन सोपी उत्तरे तयार असतात. पहिले उत्तर रसिकांचे. ते म्हणतात, हे जीवन किती मोकळे! उघड्या आकाशाखाली वाढणाऱ्या मुलाला चार भिंतींत कशाला कोंडता? त्या वाड्यातही ज्ञान आहे, हे खरेच आहे. गुंथर सोन्थायमर या जर्मन पंडितांनी धनगरांच्या ओव्या आणि कथा ऐकण्यात व टिपण्यात आयुष्याची कित्येक वर्षे घालवली. त्यात किती साठवलेले आहे हे त्यांच्यामुळे विद्वानांनाही कळले. सात वर्षांची मुलगी शेकडो मेंढरांत आपले कोकरू ओळखते, ही काही लहान विद्या नव्हे. पण रसिकांना मी विचारीन, आपल्या मुलीला तुम्ही पौषातल्या थंडीत, ताप आलेला असताना, घोडीवर बांधून पुढच्या मुक्कामाला न्याल काय? जे आयुष्य आपण आपल्या मुलासाठी मागणार नाही, त्याची दुसऱ्याच्या मुलासाठी स्तुती करणे हा एक प्रकारचा कठोरपणाच आहे. शिवाय चराऊ राने कमी होत चालली आहेत. या मुलीला मोठेपणी मेंढरांवर जगता येईलच, अशी हमी कोण देणार?

दुसरे उत्तर आम्हा मास्तर लोकांचे. मुलाला उचला, वसतिगृहात ठेवा, शिकवा. या मार्गाची निंदा मी करणार नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, 1924 मध्ये साताऱ्याला बोर्डिंग उभे केले. तिथे शिकलेल्या मुलांनी महाराष्ट्राच्या खेड्यांचे रूप पालटले. पण वसतिगृहात जाणारे बारा-चौदा वर्षांचे मूल आणि दारापाशी पहाटे उभे राहणारे सात वर्षांचे मूल यांत अंतर आहे. मोठ्या मुलाला आपण काय सोडतो आहोत हे थोडेफार समजते. लहानग्याला फक्त इतकेच समजते, की मला मागे ठेवून घोडी पुढे गेली. तिला आम्ही अक्षर दिले. त्याची किंमत मात्र आम्ही ठरवली, आणि ती भरायला तिला लावले.

म्हणजे ठेवणे चूक आणि नेणेही चूक? इथपर्यंत आल्यावर मी बराच काळ अडून राहिलो. मग एक साधी गोष्ट ध्यानात आली. घर हलते म्हणून मुलांचे शिक्षण बुडते, हे सर्वांच्या बाबतीत खरे नाही. सैन्यातला अधिकारी किंवा केंद्र सरकारचा नोकरदार यांच्याही बदल्या होतात. त्यांच्या मुलांची आबाळ होऊ नये म्हणून 1963 साली सरकारने केंद्रीय विद्यालये सुरू केली. गाव बदलले तरी अभ्यासक्रम तोच, पुस्तक तेच. पुण्यात अर्धवट राहिलेला धडा जबलपुरात पुरा करता येतो. हे योग्यच झाले. पण त्यावरून सिद्ध झाले ते असे, की फिरतीवर असलेल्या मुलामागे शाळा जाऊ शकते; मात्र फिरती कोणाची आहे, हे आधी पाहिले जाते.

मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा 2009 मध्ये झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून अमलात आला. 6 ते 14 वर्षांच्या प्रत्येक मुलाचा तो हक्क आहे. जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला तरी नवीन शाळेने प्रवेश नाकारू नये, इतका विचार त्यात केलेला आहे. म्हणजे माणूस एका गावाहून दुसऱ्या गावी जातो, हे कायद्याला मान्य आहे. पण दोन रात्री एका शेतात आणि तीन रात्री दुसऱ्या शेतात, असे जे अर्धे वर्ष चालतच असते, त्या घराचा विचार करून शाळेची घंटा बांधलेली नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या “बनगरवाडी”ला 1955 पासून किती वर्षे लोटली! त्यातला तरुण मास्तर धनगरांच्या वाडीत शाळा भरवतो, आणि अखेर दुष्काळात वाडीच उठून जाते. शाळा मागे राहते, माणसे पुढे जातात, हे दुःख आपण तेव्हाच वाचले होते. आपण त्या कादंबरीवर प्रेम केले. तिने दाखवलेली अडचण मात्र तशीच ठेवली.

आता त्या आईच्या प्रश्नाकडे वळतो. नीतीचा विचार करताना आपण बहुधा असे धरून चालतो, की माणसापुढे दोन वाटा असतात आणि त्यातली बरी वाट निवडणे हे त्याचे कर्तव्य. पण त्या दोनच वाटा का उरल्या, हे आपण विचारीत नाही. ज्याला दोन्ही वाटांवर मुलाचे काहीतरी गमवावेच लागते, त्याला “तू निवड कर” म्हणणे हे स्वातंत्र्य देणे नव्हे. आपले ओझे त्याच्या डोक्यावर ठेवणे आहे. त्या बाईने मुलीला ठेवले असते तरी तिला लोकांनी निष्ठुर म्हटले असते, नेले असते तरी अडाणी म्हटले असते. दोन्ही शब्द उच्चारणारे आम्ही एका जागी बसून असतो आणि आमचे काहीच जात नाही. माझ्या हजेरीपटातला शेरा तरी वेगळा काय होता? मूल गैरहजर होते हे मी लिहिले. त्या मुलाच्या मुक्कामी शाळाही गैरहजर होती, हे लिहायला माझ्या पटात रकाना नव्हता.

आईबापांचे काहीच कर्तव्य नाही, असे मी म्हणत नाही. आहे त्या परिस्थितीत त्यांना निवड करावीच लागते, आणि ते ती करतात. मात्र तिचा दोष एकट्याने त्यांच्या पदरात घालू नये, एवढेच मला म्हणायचे आहे.

गेल्या हिवाळ्यात वाडा आला तेव्हा मुलगी बरोबर नव्हती. आजीला आता घाट उतरवत नाही. ती गावीच राहते, आणि तिच्याजवळ मुलीला ठेवले आहे. मुलगी शाळेत जाते. संध्याकाळी शेतात चूल पेटल्यावर आईने मोबाईल लावला. माझ्या पत्नीने दिलेल्या वाणवशाची टोपली उचलायला मी तिथेच उभा होतो, म्हणून कानावर आले. मुलीने आईची विचारपूस केली नाही. तिने घोडी कशी आहे ते विचारले. मग काळ्या कोकराचे, मग लंगड्याचे, मग कुत्रीला पिले झाली का ते. आई एकेकाची खबर सांगत राहिली. शेवटी मुलीने विचारले असावे, की आता कुठे बसलात. आई म्हणाली, “मास्तरांच्या शेतात. आजची पयली रात.”

पलीकडे क्षणभर आवाज थांबला. ती बोटे मोजत असेल, असे मला वाटले.