जोखीम कुणाच्या नावावर?

वसईत कॅथलिक घरात वाढलेल्या मुलीला श्रद्धा आणि साहस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे फार उशिरा कळतं. कारण आमचा गावचा संतच मुळात दर्यावर्दी. गोन्सालो गार्सिया. त्यांच्या नावाचं कॉलेज आहे, गासला त्यांच्या नावाचं चर्च आहे आणि धर्मशिक्षणाच्या वर्गात त्यांची गोष्ट ऐकल्याशिवाय कुणी मोठं होत नाही. १५५६-५७च्या सुमारास वसईत जन्म, वडील पोर्तुगीज, आई इथलीच. किल्ल्यातल्या जेझुइटांकडे शिकले, पोरवयातच त्यांच्याबरोबर जपानला गेले, तिथली भाषा अस्खलित बोलू लागले. जेझुइट संघात प्रवेश मिळेना म्हणून व्यापार केला, त्यात जम बसवला, मग तो सोडून मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन बंधू झाले. १५९३ मध्ये पुन्हा जपान, या वेळी तोयोतोमी हिदेयोशीकडे जाणाऱ्या शिष्टमंडळाचे दुभाषी म्हणून. ५ फेब्रुवारी १५९७ला नागासाकीत क्रुसावर मृत्यू. १८६२ मध्ये संतपद. भारतात जन्मलेला पहिला कॅथलिक संत.

आता मला सांगा, ही गोष्ट ऐकत वाढलेली मुलगी पासपोर्ट हातात आल्यावर घरी कशी बसेल?

मी अठ्ठावीस वर्षांची आहे, आठवड्याचे पाच दिवस कोड लिहिते आणि सुट्ट्या साठवून एकटी फिरते. किर्गिझस्तानात अला-कुलची खिंड चढले आहे, जॉर्जियात डोंगरातून चालले आहे, कामानिमित्त काही महिने जपानमध्ये राहिले तेव्हा तिथले डोंगरही सोडले नाहीत. ‘भीती नाही का वाटत?’ या प्रश्नाला माझं एक ठरलेलं उत्तर असतं: ‘देव आहे ना.’ ऑफिसातल्या नास्तिक मित्राला ते गोड वाटतं, मावशीला अभिमानास्पद वाटतं. एकदाच एका माणसाने त्यावर प्रश्न विचारला, आणि तो माणूस म्हणजे माझी आई. ती म्हणाली, ‘देव आहे गो, पण तुला शोधायला माणसंच येणार ना?’

हा लेख तिच्या त्या प्रश्नाविषयी आहे.

नागासाकी स्टेशनपासून निशिझाका टेकडी अगदी जवळ आहे. वर एका लांब भिंतीवर सव्वीस ब्राँझच्या आकृत्या ओळीने उभ्या आहेत. उभ्या म्हणायचं, पण पावलं जमिनीला टेकलेली नाहीत. मी अर्थातच ‘आपला’ माणूस शोधत होते. परदेशात वसईचं नाव दिसलं की ऊर भरून येतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण त्यानंतर उरलेले पंचवीस वाचत गेले आणि हिशेब वेगळाच निघाला. सव्वीसपैकी परदेशी फक्त सहा: चार स्पॅनिश, एक मेक्सिकोचा आणि आमचे गोन्सालो. बाकी वीस जपानी. त्यातला सर्वात लहान लुई इबाराकी, वय बारा. क्योतोला त्यांच्या डाव्या कानाची पाळी कापली आणि भर हिवाळ्यात सुमारे महिनाभर चालवत नागासाकीला आणलं. वसईच्या गोष्टीत हा प्रवास असतो, बारा वर्षांचा मुलगाही कधीकधी असतो, पण वीस हा आकडा मी तोवर ऐकला नव्हता.

मेक्सिकोच्या फेलिपेची कथा तर जास्तच विचित्र. त्याला जपानला यायचंच नव्हतं. पुरोहितदीक्षा घ्यायला तो मनिलाहून मायदेशी निघाला होता. १५९६च्या ऑक्टोबरमध्ये त्याचं जहाज, सान फेलिपे, वादळात सापडून शिकोकूच्या किनाऱ्याला लागलं. माल जप्त झाला. असं सांगतात की जहाजाच्या सुकाणूदाराने जपानी अधिकाऱ्याला धाक घालायला नकाशा उघडून स्पेनचं साम्राज्य दाखवलं आणि आधी धर्मगुरू जातात, मागून सैन्य जातं, अशा अर्थाचं काहीतरी बोलून गेला. तो नेमकं काय बोलला यावर इतिहासकारांचं एकमत नाही. हिदेयोशीला संशय होताच, या प्रकरणानंतर शिक्षेचा हुकूम निघाला. म्हणजे एकाच्या तोंडची बढाई, आणि तिचं बिल भरलं बारा वर्षांच्या मुलाने.

आमच्या धंद्यात ‘ब्लास्ट रेडियस’ असा एक शब्द आहे. मी केलेला बदल फसला तर किती सिस्टिम्स माझ्याबरोबर खाली येतील, त्याचं माप. शुक्रवारी संध्याकाळी प्रॉडक्शनवर कोड चढवणारा माणूस शूर नसतो. त्याच्यासाठी शनिवारी रात्री जागणारी दुसरी कुणीतरी असते. अध्यात्मात हा शब्द नाही, पण असायला हवा होता असं मला निशिझाकावर वाटलं.

जॉन ॲलन चाऊ तुम्हाला आठवत असेल. नोव्हेंबर २०१८ मध्ये उत्तर सेंटिनेल बेटावर मारला गेलेला अमेरिकन तरुण. वय सव्वीस. त्या वेळी आपल्याकडे त्याच्यावर भरपूर विनोद झाले आणि ते मला सहन झाले नाहीत, कारण त्याचं इन्स्टाग्राम पाहिलं तर ते माझ्या इन्स्टाग्रामसारखंच होतं. डोंगर, कयाक, तंबू, सूर्योदय. तो अडाणीही नव्हता, आणि बेफिकीर तर नाहीच. त्याने प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घेतलं होतं, लसी टोचून घेतल्या होत्या, बेटावर रोग जाऊ नये म्हणून आधी काही दिवस स्वतःला वेगळं ठेवलं होतं. मी इंजिनिअर म्हणून बघते तेव्हा त्याची तयारी बऱ्याच ट्रेकर्सपेक्षा चांगली दिसते. पहिल्या प्रयत्नात एका मुलाने सोडलेला बाण त्याच्या हातातल्या बायबलला लागला. तो बोटीवर परतला, डायरी लिहिली, घरच्यांना पत्र लिहिलं, त्या लोकांवर रागावू नका असं त्यात सांगितलं आणि पुन्हा गेला.

या माणसाचा कोरडेपणाने तिरस्कार करता येत नाही. मला तरी येत नाही.

पण त्याला तिथे नेणारे मच्छीमार होते. त्यांना पंचवीस हजार रुपये मिळाल्याचं तेव्हा छापून आलं होतं, आणि नंतर या प्रकरणात सात जणांना अटक झाली. परदेशातल्या लेखांत चाऊचं बालपण, त्याचे वडील, त्याचं विद्यापीठ हे सगळं येतं, मच्छीमार एका वाक्यात येतात. आणि बेटावरची माणसं? १८८० मध्ये पोर्टमन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने याच बेटावरून सहा जणांना उचलून पोर्ट ब्लेअरला नेलं होतं. दोघं प्रौढ आजारी पडून मेले, मुलांना भेटवस्तू देऊन परत सोडलं. बरोबर कुठले आजार परत गेले असतील ते देव जाणे. त्या समाजाच्या बाणाला मागचा एवढा इतिहास आहे. चाऊने स्वतःच्या जिवाची जोखीम मोजली होती आणि ती खुशीने घेतली होती. लसींचा हिशेबही केला होता. पण तो हिशेब मान्य आहे का, हे ज्यांना विचारायचं त्यांनी बाण मारून उत्तर दिलं होतं, आणि ते उत्तर त्याने सैतानाच्या खात्यावर टाकलं. माझ्या मते चूक तिथे आहे. नकार ऐकून घेण्याची जागाच त्याच्या श्रद्धेत उरली नव्हती.

मार्च २०२५ मध्ये आणखी एक अमेरिकन त्याच बेटावर उतरला. त्याला धर्मप्रचार करायचा नव्हता. वाळूत एक शहाळं आणि डाएट कोकचा कॅन ठेवून, व्हिडिओ काढून तो परतला आणि पकडला गेला. त्यामुळे ‘हे सगळं धर्माचं वेड’ एवढं म्हणून सुटका होत नाही. वेड आधीपासून असतं, नाव नंतर मिळतं. फरक इतकाच की चाऊला त्याच्याच पुस्तकाच्या आधारे जाब विचारता येतो. कोकच्या कॅनला कुठल्या पुस्तकातून विचारणार?

तर पुस्तकाकडे येऊ. आमच्याकडे कुणी लांब निघालं की ९१वं स्तोत्र म्हणतात. देवदूत तुला सांभाळतील, पायाला दगड लागू देणार नाहीत, अशा आशयाचं. आजी ते तोंडपाठ म्हणायची, मी एअरपोर्टला निघताना आईही म्हणते. गंमत अशी की शुभवर्तमानात हेच स्तोत्र सैतानाच्या तोंडी आहे. मत्तयच्या चौथ्या अध्यायात तो येशूला मंदिराच्या टोकावर नेतो आणि म्हणतो, मार उडी, लिहिलंच आहे ना सांभाळतील म्हणून. येशू उडी मारत नाही. देवाची परीक्षा पाहायची नाही, एवढंच सांगतो. बंजी जंपिंगची पहिली जाहिरात आणि तिला मिळालेला पहिला नकार, असं मी एकदा आमच्या युवक मंडळात म्हणाले होते. फादर हसले, दोन काकू हसल्या नाहीत.

त्या नकारात भित्रेपणा नाही, कारण हाच माणूस पुढे यरुशलेमला जातो, तिथे काय वाढून ठेवलंय हे माहीत असून. फरक शोधायचा तर मला तो असा दिसतो: मंदिराच्या टोकावरून उडी मारून कुणाचंच काही भलं होणार नव्हतं. फक्त उडी मारणारा कोण आहे ते सिद्ध झालं असतं.

आणि पौल. ख्रिस्ती इतिहासातला सगळ्यात मोठा प्रवासी. जहाज फुटणं, नद्या, दरोडेखोर, उपास अशी संकटांची यादी त्याने स्वतःच एका पत्रात दिली आहे. पण ‘प्रेषितांची कृत्ये’चा सत्ताविसावा अध्याय वाचा, तो मला कुठल्याही ट्रॅव्हल ब्लॉगपेक्षा थरारक वाटतो. पौल कैदी म्हणून रोमला चाललाय, हंगाम संपत आलाय, आणि पौल म्हणतो, आता पुढे जाऊ नका. जहाज जाईल, माल जाईल, माणसंही जातील. शताधिपती त्याच्याऐवजी कप्तानाचं आणि जहाजमालकाचं ऐकतो. वादळ येतं. जहाजावर दोनशे शहात्तर माणसं. कुणाचाही जीव जाणार नाही असं देवदूताने सांगितल्यावरही पौल हातावर हात ठेवून बसत नाही. खलाशी होडी सोडून पळायला बघतात तर ते थांबवायला लावतो, चौदा दिवस न जेवलेल्या लोकांना खायला लावतो. श्रद्धा होती म्हणून त्याने हंगाम पाहणं सोडलं नव्हतं. त्याला दोनशे शहात्तर मोजता येत होते.

जपानमध्ये डोंगर चढण्याआधी एक फॉर्म भरतात, ‘तोझान तोदोके’. बऱ्याच ठिकाणी पायवाटेच्या तोंडाशीच पेटी असते. कुठल्या वाटेने जाणार, किती वाजता उतरणार, बरोबर खाणं काय आहे, आणि घरी कुणाला कळवायचं. पहिल्यांदा तो भरताना मला ती सरकारी कटकट वाटली. आता वाटतं, माझ्या सगळ्या प्रवासांतला तो सर्वात प्रार्थनेसारखा कागद आहे. त्यात तुमच्या धैर्याविषयी एकही रकाना नाही. तुम्ही परत आला नाहीत तर कुणाला कुठे चढावं लागेल, एवढंच विचारलंय.

इथे स्वतःच्याच विरोधात बोलायला हवं, नाहीतर लेख फारच सोयीचा होईल. कुणीतरी बेफाम होऊन समुद्र ओलांडले म्हणूनच मी आज ख्रिस्ती आहे. सावधपणे फॉर्म भरणाऱ्यांनी धर्म जगभर नेला नसता. आणि त्या वीस जपान्यांना नुसते ‘बळी’ म्हणणं हाही एक उद्धटपणाच. लुई इबाराकीला धर्म सोडलास तर जीव वाचेल असं सांगण्यात आलं होतं आणि त्याने ते नाकारलं, असं त्याच्या चरित्रात सांगतात. बारा वर्षांच्या नकाराला नकार मानायचं का? मी अजून ठरवू शकलेले नाही. सेंटिनेलींच्या नकाराला मान द्यायचा म्हणते, तर याच्याही द्यायला हवा. पण तो बारा वर्षांचा होता.

नागासाकीत ओउरा चर्च आहे. ख्रिस्ती धर्मावर बंदी येऊन अडीचशे वर्षं झाल्यावर, १७ मार्च १८६५ला, उराकामी गावची काही माणसं तिथल्या फ्रेंच फादर पेतिजाँ यांच्याजवळ आली आणि आमचं मन तुमच्यासारखंच आहे असं सांगून मरियेची मूर्ती कुठे आहे ते विचारू लागली. इतकी वर्षं धर्मगुरू नाही, चर्च नाही, तरी बापाने मुलाला, आईने मुलीला सांगत धर्म जपला होता. जगभरच्या चर्चमध्ये ही गोष्ट आनंदाची म्हणून सांगतात आणि ती आहेच. तिचा पुढचा भाग कमी सांगतात. ओळख उघड झाल्यावर काही वर्षांतच उराकामीच्या तीन हजारांहून अधिक माणसांना गाव सोडायला लावून देशभर विखरून टाकलं. १८७३ मध्ये बंदी उठून ती परतली तोवर सहाशेवर माणसं मेली होती. या लोकांनी कुठलाही समुद्र ओलांडला नव्हता. तरी श्रद्धेचं साहस कुणाचं मोठं, असं कुणी विचारलं तर मी गोन्सालोंच्या आधी त्यांचं नाव घेईन, आणि वसईत हे बोलायला थोडी हिंमत लागते.

येत्या जुलैत मी ताजिकिस्तानला जाते आहे. पामीर हायवे, जीप, सोबत तिथलाच एक ड्रायव्हर. रविवारी मिस्साहून आल्यावर आईला नकाशावर रस्ता दाखवला. दरीच्या कडेने जाणारे पट्टे, साडेचार हजार मीटरवरची खिंड, नदीपलीकडे अफगाणिस्तान. मला वाटलं ती खिंडीबद्दल विचारेल. तिने बराच वेळ नकाशा पाहिला आणि विचारलं, ‘ड्रायव्हरच्या घरी कोण कोण आहे?’

मला माहीत नव्हतं. व्हॉट्सॲपवर विचारलं. दोन मुली आहेत, धाकटी सहावीत.