उंची कुठून मोजायची?

माझा एक भाचा विलायतेत, ब्रायटनला असतो. तिथं तो नेमकं काय करतो हे त्यानं मला तीनदा समजावून सांगितलं आहे आणि तिन्ही वेळा मी "अरे वा!" म्हटलं आहे. रविवारी तो बायकोला घेऊन टेकड्या चढतो आणि त्यांचे फोटो मला मोबाइलवर पाठवतो. मागच्या पावसाळ्यात असाच एक फोटो आला. हिरवीगार, हात फिरवावासा वाटेल अशी गुळगुळीत टेकडी, तिला सुरीनं कापल्यासारखा पांढराशुभ्र कडा आणि खाली समुद्र. सोबत मजकूर : 'मामा, बीची हेड सर केलं! १६२ मीटर!'

मी लगेच "अरे वा!" कळवलं.

पण मनात कुठंतरी टोचलं. माझा जन्म शिरूरचा आणि संसार दौंडचा. दोन्ही गावं सपाट. शिरूरला घोडनदी आहे, दौंडला भीमा आहे आणि जंक्शन आहे. पण ऊर भरून यावा असा डोंगर काही कुणाच्या घरामागे नाही. आयुष्यात फारसे चढ आले नाहीत याचा दोष मी कित्येक वर्षं भूगोलाला देत आलो.

दुसऱ्याच दिवशी पुण्याला जायला म्हणून स्टेशनवर गेलो. वडापाव खाता खाता सहज त्या पिवळ्या पाटीकडे लक्ष गेलं. रेल्वेवाले गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहितात. दौंडची उंची पाचशे मीटरच्या वर! म्हणजे भाचा जिथं धापा टाकत पोचला, त्याच्या तिपटीहून जास्त उंचीवर मी फलाटावर उभा राहून वडापाव खात होतो. गेली चाळीस वर्षं मी रोज सकाळी तिथं नुसता जागा होत होतो, आणि एकानंही माझं अभिनंदन केलं नव्हतं.

आता गंमत बघा. भाच्याची टेकडी खडूची. समुद्राच्या तळाशी सूक्ष्म जिवांची कवचं थरावर थर साठली, त्याचा खडू झाला आणि पुढे तो तळच वर उचलला गेला. आपल्याकडे त्यानंतर, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमाराला, जमिनीच्या भेगांतून लाव्हा बाहेर आला आणि त्याचा काळा दगड झाला. थोडक्यात, देवानं त्यांना खडू दिला आणि आपल्याला फळा. दोघांनीही आपापली उंची कमावलेली नाही. तरी भाचा म्हणतो 'सर केलं', आणि मी गप्प. असं का? तर तो समुद्रापासून चढला. मला दख्खनच्या पठारानं जन्मतःच वर उचलून ठेवलं होतं.

मोठ्या लोकांचंही असंच आहे. एव्हरेस्ट ८,८४९ मीटर, जगात सर्वांत उंच, हे आपण शाळेत घोकलं. पण ते समुद्रसपाटीपासून. हवाई बेटावरचा मौना केआ समुद्राच्या तळाशी असलेल्या पायथ्यापासून मोजला तर दहा हजार मीटरच्या वर जातो. बिचाऱ्याचा निम्म्याहून जास्त देह पाण्याखाली, म्हणून नाव मागं पडलं. आणि पृथ्वीच्या मध्यापासून मोजायचं म्हटलं तर इक्वेडोरमधला चिंबोराझो एव्हरेस्टवर मात करतो. तिघेही आपापल्या परीनं पहिले. प्रश्न एवढाच, की टेपचं दुसरं टोक कुणी कुठं धरलंय?

हा प्रश्न डोंगरापुरता राहिला असता तर मी सुखानं झोपलो असतो. पण मला आमच्या बँकेतले एक सहकारी आठवले.

ते बँकेत लागले शिपाई म्हणून. वडील खडी फोडायला जायचे. हे गृहस्थ आले तेव्हा इंग्रजीत सहीसुद्धा करता येत नव्हती. दिवसभर चहा आणि फाइली, रात्री अभ्यास. पाचसहा वर्षांत पत्रांचे मसुदे वाचून त्यातली चूक दाखवण्याइतकी मजल मारली. चूक बहुधा माझी असायची. मग त्यांना क्लार्क करायचं निघालं आणि गोपनीय अहवाल लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी मास्तरांचा मुलगा. इंग्रजी माझ्या घरी पाटावर बसून जेवायचं. मी झोकात अहवाल टाइप केला. मुलगा प्रामाणिक आहे, परंतु अद्याप त्या उंचीचा नाही, अशा अर्थाचा. त्यात एक भारी इंग्रजी शब्द घातला आणि स्वतःवरच खूश झालो. त्यांचं क्लार्क होणं चार वर्षं लांबलं. पुढे ते ऑफिसर होऊन निवृत्त झाले, माझ्याहून एक पायरी खाली. ही 'एक पायरी खाली' मी निवृत्तीनंतरही मनात जपून ठेवली होती.

मुंबईहून दौंडला येणारी गाडी बोरघाट चढते तेव्हा कर्जतला मागून जादा इंजिनं लावतात. घाटातला हा लोहमार्ग १८६३ साली सुरू झाला. ढकलणारी इंजिनं वर आल्यावर निघून जातात. तोवर आपण डब्यात घोरत असतो. पुण्यात उतरताना मात्र आपण आलो असंच म्हणतो. माझ्या मागं वडिलांचं इंजिन होतं. त्यांच्या मागं कुणाचं होतं, हे अहवाल लिहिताना मी विचारलं नव्हतं.

भाच्याला उत्तर म्हणून आपणही एखादा डोंगर चढावा असं ठरवलं आणि सोबतीला ह्याच गृहस्थांना फोन केला. ते म्हणाले, "भुलेश्वरला जाऊ, साहेब. पहाटे निघू."

भुलेश्वर तसा पुरंदर तालुक्यातला, पण आमच्या लोकांची वाट यवतवरून. वरपर्यंत गाडीरस्ता आहे. तरी आम्ही गाडी खालीच ठेवली आणि चालायला लागलो. पहिल्या वळणावर मी निसर्ग पाहायला थांबलो. दुसऱ्या वळणावर चपलेचा बंद पाहायला थांबलो. तिसऱ्या वळणावर काही न पाहताच थांबलो. ते प्रत्येक वेळी आपण होऊन थांबत आणि "मलाही दम लागला, साहेब," म्हणत. त्यांचा श्वास अगदी शांत होता.

वर यादवकाळातलं देऊळ. बाहेरून पाहिलं तर आत काय ऐवज आहे याचा पत्ता लागत नाही. अंधाऱ्या जिन्यानं आत गेलं की कोरीव काम डोळ्यांत मावत नाही. बऱ्याच मूर्ती फुटलेल्या. स्त्रीरूपातला गणपतीही इथं आहे. दर्शन घेऊन आम्ही बाहेर कट्ट्यावर बसलो. खाली कालव्याच्या पाण्यावरचा ऊस, त्यापलीकडे उघडीवाघडी माळरानं. पावसानं तीही चार दिवसांपुरती हिरवी झालेली. भाच्याच्या फोटोइतकी गुळगुळीत नव्हेत, पण हिरवी.

त्यांनी पिठलं-भाकरी सोडली. दोन घास झाल्यावर मी धीर केला.

"एक सांगायचं होतं. तुमच्या क्लार्कच्या वेळी एक अहवाल..."

"तुम्ही लिहिलेला ना? वाचलाय की मी."

"अहो, तो लाखेनं बंद केला होता!"

"पाकीट बंद केलंत, साहेब. कार्बन टोपलीत टाकलात. टोपली कोण ओतायचं?" त्यांनी माझ्या भाकरीवर पिठलं वाढलं. "उजेडाला धरून वाचला. सगळं कळलं. 'मीडिऑकर' तेवढा डिक्शनरीत बघावा लागला."

घास घशाशी अडकला. त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली.

"राग नाही आला?" मी विचारलं.

"आला ना. दोन वर्षं होता." ते हसले नाहीत. मग म्हणाले, "कांदा घ्या."

मी कांदा घेतला. माफी मागायचे शब्द मला तीन भाषांत येतात. त्या वेळी एकही आठवला नाही. शेवटी नुसतं "माझं चुकलं" म्हटलं. ते मान हलवून खाली उसाकडे बघत राहिले.

उतरताना ते पुढे आणि मी मागे. निसरड्या जागी ते वळून न बघता हात मागं करत. मी तो धरत होतो.

रात्री भाच्याला फोटो पाठवले. त्याचा लगेच प्रश्न : 'मस्त, मामा! उंची किती?'

अजून नीट मोजली नाही, असं कळवलं.