नोंदीपलीकडचे पूर्वज

परवा शहापुरातील एका तरुणाने संगणकावर आपल्या खापरपणजोबांचे नाव शोधले. तानसा धरणावर त्यांनी दगड वाहिले, असे घरातील वडीलधारे सांगत. नाव कोठेच आढळले नाही. “फादर, म्हणजे आम्हांला इतिहासच नाही?” त्याने खिन्नपणे विचारले.

१८९२ साली ते धरण पूर्ण झाले आणि मुंबईला पाणी मिळाले. अभियंत्यांची नावे ग्रंथांत राहिली. १८८२ चे ठाणे गॅझेटियरही आता घरबसल्या चाळता येते; शहापूर-मुरबाडकडील ठाकूर, कातकरी यांची त्यात वर्णने आहेत, पण ती जमातींची, माणसांची नव्हेत. राज्यकर्त्यांना सारा हवा होता, श्रम हवे होते, नावे नकोत.

१५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने स्नानसंस्कार व विवाह यांच्या नोंदी धर्मगुरूंवर बंधनकारक केल्या. त्या वहीत सावकाराच्या बाळाखाली मजुराचेही बाळ येते. नोंद हा माणसाचा मान आहे, हे खरे. परंतु माणसाचे मोल नोंदीवर अवलंबून नसते.

मी त्या तरुणाला म्हटले, “बाळा, आजीजवळ बैस, तिला आठवतात ती नावे लिहून घे. मग शेजारच्या पाड्यावरही जा. तेथील पूर्वजांना कोण शोधणार?”