अस्सल मोहाची

पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यातल्या म्हसा गावी खांबलिंगेश्वराची जत्रा भरते, बैलांचा बाजार लागतो, घोंगड्या विकल्या जातात. या थंडीवर थोडी घेतलेली बरी, हे मत मुरबाड-शहापूर पट्ट्यात फारसे कुणी खोडत नाही. त्याच्याच जोडीला दुसरे असते: मोहाची अस्सल असेल तर बाधत नाही, जीव घेते ती भेसळीची. पहिल्याचा निकाल चटकन लागतो. दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या फैलावतात, ऊब जाणवते, आणि अंगातली उष्णता त्याच वाटेने बाहेर पडते. घोंगडी तेवढी खरी. दुसरे मत चिवट आहे, कारण त्यात अर्धे सत्य आहे. जून 2015 मध्ये मुंबईत मालवणीला शंभरावर माणसे दगावली, ती मिथेनॉलमुळे. शरीरात त्याचे फॉर्मिक ॲसिड होते; डोळे जातात, मग जीव. पण अशा प्रत्येक बातमीनंतर विषारी दारू वेगळी आणि बाकीची निर्धोक, ही वाटणी मनात आणखी पक्की होते.

यकृताला ही वाटणी कळत नाही. गावठी भट्टीवरची मोहाची, परवान्याची देशी आणि बारमधली व्हिस्की, तिन्हींत नशा आणणारे इथेनॉल एकच. यकृतात त्याचे ॲसिटाल्डिहाइड होते आणि ते पेशीतल्या डीएनएला इजा करते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मद्याला कर्करोगकारक ठरवले ते 1988 साली. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे, स्तन अशी यादी आता लांबली आहे. हिशेब मांडून पाहावा. 180 मिलीच्या क्वार्टरची तीव्रता 40 टक्के धरली, तर पोटात जवळपास 57 ग्रॅम इथेनॉल जाते. दिवसभर वीटभट्टीवर राबून रिकाम्या पोटी घेतली की ते रक्तात वेगाने चढते. जेवणाची जागाच दारूने घेतली, तर ब-1 जीवनसत्त्व तुटते आणि नसांबरोबर मेंदूही झिजतो.

थोडी घेणाऱ्यांचे हृदय बळकट असते, असे जुने अभ्यास सांगत. त्यांत न पिणाऱ्यांच्या गटात आजारपणामुळे दारू सोडलेलेही मोजले जात, म्हणून पिणारे धट्टेकट्टे दिसत. चीनमधल्या मोठ्या जनुकीय अभ्यासात 2019 साली पक्षाघातापुरता तरी असा फायदा आढळला नाही. दारू वाढली तसा धोका वाढला. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. मोह आदिवासींच्या अन्नात आहे, देवकार्यात आहे. इंग्रज सरकारने 1892 च्या कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहफुलांवर निर्बंध घातले, ते अबकारी उत्पन्न राखायला. हा राग रास्तच आहे. पण त्या अन्यायाने इथेनॉलचा गुणधर्म बदलत नाही, आणि मोहफूल खाण्याला इथे कुणाचीच हरकत नाही. म्हणून दवाखान्यात ‘कुठली घेता?’ यापेक्षा ‘किती, आणि किती वर्षे?’ हे विचारणे कामाचे. उत्तर ‘रोज, वर्षानुवर्षे’ असे आले, तर ‘उद्यापासून बंद’ एवढे सांगून पाठवणेही धोक्याचे: एकाएकी सोडल्याने फेफरे येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. अशा माणसाची दारू डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषध देऊनच सोडवावी लागते.