डावी बाजू

रेडिएशनला आपल्याकडे अजूनही कितीतरी घरांत ‘शेक’ म्हणतात. ‘ऑपरेशन झालं, आता पंचवीस शेक घ्यायचे आहेत,’ असे सांगणारी बाई प्रत्येकाच्या ओळखीत असते. तसा हा शब्द बरोबर नाही. यंत्राखाली झोपल्यावर गरम असे काहीच लागत नाही. पण त्यामागची भीती खरी आहे. एका जागी शेक दिला की शेजारच्या जागेलाही धग लागते. स्तनाच्या कर्करोगावरील किरणोपचाराचा सव्वाशे वर्षांचा इतिहास वाचताना मला हा शेजारच सतत दिसत राहिला. वाचवायचा शेजार कोणता, याचे उत्तर दर पिढीत बदलत गेले आहे.

पहिल्या पिढीचे उत्तर होते, कातडी. राँटगेन यांनी नोव्हेंबर १८९५मध्ये क्ष-किरण शोधले आणि पुढच्याच जानेवारीत शिकागोतल्या एमिल ग्रुब या तरुणाने स्तनाचा कर्करोग झालेल्या एका बाईवर ते वापरले. निदान त्याने स्वतः तसे लिहून ठेवले. इतिहासकारांना या दाव्याची खात्री नाही. भोवतालची निरोगी कातडी झाकायला आपण शिसे वापरले, असेही तो सांगतो. म्हणजे उपचाराच्या पहिल्या कहाणीतच शेजाऱ्याची काळजी आहे. स्वतःची काळजी मात्र त्याला घेता आली नाही. किरणांनी त्याचा डावा हात इतका खराब केला की तो कापून टाकावा लागला.

पुढचे पाऊल पॅरिसच्या रेडियम इन्स्टिट्यूटमध्ये पडले. क्लॉडियस रेगो यांनी मेंढ्यांवर प्रयोग केले. मेंढ्याला एका बैठकीत किरण देऊन निर्बीज करायला गेले की वरची कातडी जळे. तेच किरण काही दिवसांत विभागून दिले की मेंढा निर्बीज होई आणि कातडी वाचे. निरोगी पेशींना दोन बैठकांच्या मधल्या वेळात सावरता येते, हे यातून कळले. रोज थोडे थोडे द्यायचे, आठवडेच्या आठवडे द्यायचे, ही आपल्या ‘पंचवीस शेकां’ची पद्धत तिथून आली. १९५१मध्ये कॅनडात कोबाल्ट-६०ची यंत्रे सुरू झाली. या किरणांचा मुख्य मारा कातडीच्या खाली काही मिलिमीटरवर होतो, त्यामुळे कातडी आणखी सुरक्षित झाली. कातडी वाचली म्हणजे शेजार वाचला, असे वाटणे तेव्हा स्वाभाविक होते. डोळ्यांना दिसत होती ती कातडीच.

त्याच काळात शस्त्रक्रियेचाही विचार बदलत होता. संपूर्ण स्तन आणि छातीचे स्नायू काढून टाकण्याची हॅल्स्टेड यांची पद्धत जवळजवळ पाऊणशे वर्षे चालली. मिलानमध्ये उंबेर्तो वेरोनेसी आणि अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी दाखवून दिले की गाठ आणि तिच्या भोवतीचा भाग काढून स्तन ठेवला तरी बायका तितक्याच जगतात. फिशर यांच्या चाचणीत २० वर्षांनंतर, नुसती गाठ काढलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ३९ टक्क्यांना त्याच स्तनात कर्करोग परत आला. किरणोपचारही घेतलेल्यांत हे प्रमाण सुमारे १४ टक्के होते. स्तन वाचवायचा तर बहुतेकींना किरण लागणार, हे ठरले. निरोगी शरीर राखायचे म्हणून निवडलेल्या या वाटेने लाखो बायकांच्या छातीवर किरण आले.

आणि छातीत डाव्या बाजूला हृदय आहे.

ही गोष्ट कुणाला माहीत नव्हती असे नाही. पण हृदय हा किरणांना दाद न देणारा अवयव मानला जाई, कारण त्याच्या पेशी फारशा विभागत नाहीत. शिवाय हृदयाच्या रक्तवाहिन्यांना झालेली इजा लगेच दिसत नाही. ती दिसायला दहा, पंधरा, वीस वर्षे लागतात. कर्करोगाने दोन-तीन वर्षांत जाणाऱ्या बाईला ती कधी दिसलीच नसती. आजार बरा व्हायला लागला, बायका म्हाताऱ्या व्हायला लागल्या, तेव्हा उपचाराची जुनी धग वर आली. १९८७मध्ये जॅक क्युझिक आणि सहकाऱ्यांनी जुन्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या. दहा वर्षे जगलेल्या स्त्रियांपैकी ज्यांनी किरण घेतले होते, त्यांच्यात मृत्यू जास्त आढळले.

पण हे किरणांमुळेच, असे कसे म्हणायचे? इथे मला वैद्यकशास्त्रातला एक फार सुंदर युक्तिवाद भेटला. कर्करोग डाव्या स्तनात होतो की उजव्या, हे कुणाच्या खाण्यापिण्यावर, श्रीमंतीवर किंवा स्वभावावर ठरत नाही. म्हणून डाव्या बाजूच्या आणि उजव्या बाजूच्या रुग्ण स्त्रिया बाकी सगळ्या बाबतींत सारख्या असणार. फरक एवढाच, की डाव्या बाजूला किरण दिले तर ते हृदयाजवळून जातात. सारा डार्बी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या सुमारे ३ लाख स्त्रियांच्या नोंदी अशा मांडल्या. १९७३ ते १९८२ या काळात किरण घेतलेल्यांत, १५ वर्षांनंतर हृदयविकाराने होणारे मृत्यू उजवीपेक्षा डाव्या बाजूला ५८ टक्के जास्त होते. कुणावरही प्रयोग न करता, केवळ नोंदी नीट ठेवल्या म्हणून हे उत्तर मिळाले. नोंदणीच्या कंटाळवाण्या कामाला आपण जो मान देत नाही, तो इथे द्यावासा वाटतो.

२०१३मध्ये डार्बी यांच्याच गटाने स्वीडन आणि डेन्मार्कमधल्या २१६८ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हृदयाला मिळालेल्या सरासरी मात्रेत प्रत्येक एका ग्रेमागे (ग्रे हे किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) गंभीर हृदयविकाराचा धोका ७.४ टक्क्यांनी वाढतो, आणि जिच्याखाली निर्धास्त राहावे अशी मर्यादा सापडत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. हा आकडा घाबरून वाचू नये. त्याच अभ्यासाचा हिशेब असा : हृदयाचा दुसरा कुठलाही धोका नसलेल्या पन्नाशीच्या बाईच्या हृदयाला ३ ग्रे मिळाले, तर ऐंशीच्या आत हृदयविकाराने मृत्यू येण्याची तिची शक्यता १.९ टक्क्यांवरून २.४ टक्क्यांवर जाते. उपचारातून मिळणारे आयुष्य बहुतेकींच्या बाबतीत यापेक्षा कितीतरी जास्त असते. धूम्रपान करणाऱ्यांचा हिशेब मात्र वेगळा आहे. त्यांचे हृदय आणि फुप्फुस दोन्ही याची मोठी किंमत मोजतात.

मग हृदय किरणांच्या वाटेतून बाजूला कसे करायचे? उत्तर इतके साधे निघाले की वाचताना मी थांबलो. बाईने खोल श्वास घेऊन सुमारे वीस सेकंद रोखून धरायचा. फुप्फुसे फुगतात, छाती आणि पोटामधला पडदा खाली जातो, हृदय छातीच्या भिंतीपासून मागे आणि खाली सरकते. तेवढ्या वेळात किरण सोडायचे. श्वास सुटला की यंत्र थांबते. आपल्याकडे प्राणायामात ज्याला कुंभक म्हणतात, त्याची ही छोटी आवृत्ती. २००३ ते २०१३ या काळातल्या अभ्यासांत डाव्या बाजूच्या उपचारात हृदयाला सरासरी ५.४ ग्रे मिळत होते. छातीला तिरके चाटून जाणारे किरण आणि श्वासावर ताबा, दोन्ही असेल तिथे ते सुमारे १.३ ग्रे. आता आपल्याकडे खारघरला टाटा स्मारकाच्या केंद्रात प्रोटॉन यंत्रही आले आहे, आणि काही रुग्णांना त्याचा उपयोग होईलच. पण श्वास रोखणे ही जगातली सर्वांत स्वस्त ढाल आहे आणि ती प्रत्येक लहान केंद्रात पोहोचली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

रेगो यांच्या मेंढ्यांचे पुढे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. जितके लहान हप्ते तितके निरोगी पेशींचे भले, हे तत्त्व स्तनाच्या कर्करोगात पूर्ण लागू पडत नाही, असे ब्रिटनमधल्या चाचण्यांत दिसले. या कर्करोगाच्या पेशीही मोठ्या हप्त्याला निरोगी पेशींइतक्याच बळी पडतात. त्यामुळे ५० ग्रे २५ दिवसांत देण्याऐवजी ४० ग्रे १५ दिवसांत दिले, तर आजारावर ताबा तसाच राहिला आणि स्तन आक्रसण्यासारखे उशिराचे त्रास कमीच झाले. २०२०मध्ये २६ ग्रे अवघ्या ५ दिवसांत देण्याच्या चाचणीचे पाच वर्षांचे निकालही चांगले आले. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत पाच आठवडे राहून परळच्या टाटा रुग्णालयात रोज ये-जा करणारे कुटुंब डोळ्यांसमोर आणा, म्हणजे या आकड्यांचे मोल कळेल.

तुमच्या घरात कुणाला डाव्या बाजूला किरणोपचार सांगितले असतील, तर भीतीपोटी ते टाळू नका. नियोजनाच्या स्कॅनला जाल तेव्हा दोन प्रश्न विचारा : हृदयाला सरासरी किती ग्रे जाणार आहेत? आणि श्वास रोखून उपचार देण्याची सोय इथे आहे का? असेल, तर त्याच संध्याकाळी घरी तिच्याजवळ घड्याळ घेऊन बसा आणि वीस सेकंदांचा सराव सुरू करा.