मागे वळून पाहणे

महाप्रस्थानाच्या वाटेवर युधिष्ठिराने मागे वळून पाहिले नाही. द्रौपदी पडली, मग सहदेव, नकुल आणि अर्जुन. प्रत्येकाच्या पतनाचे कारण भीमाने विचारले आणि प्रत्येकाचा एकेक दोष सांगून धर्मराज पुढे चालत राहिला. पुढे बरोबर आलेल्या कुत्र्याला सोडून रथात बसण्यास त्याने नकार दिला, तेव्हा इंद्राने त्याला नेमके हेच विचारले : भावांना सोडलेस, मग कुत्र्याला का नाही? मेलेल्यांना उठवणे आपल्या हाती नव्हते, जिवंतपणी त्यांना सोडले नाही, असे युधिष्ठिराचे उत्तर होते. उत्तर भारदस्त आहे. परंतु महाभारतकाराने त्यात एक फट राहू दिली आहे. सर्वांत शेवटी पडलेला भीम पडल्यानंतरही बोलत होता आणि आपल्याकडे पाहण्याची विनवणी करीत होता.

दोन माणसांनी मिळून डोंगर चढायचे ठरवले की ही फट पुन्हा उघडते. साताऱ्याहून कासकडे जाणारा यवतेश्वराचा घाट घ्यावा. या घाटात २०१२ साली डोंगरी अर्धमॅरेथॉन सुरू झाली. शर्यतीचा दिवस पावसाळ्यात येतो. हवा गार असते, ठिकठिकाणी पाणी असते, वैद्यकीय मदत हाताशी असते. पण तयारीचे महिने त्याच्या आधीचे. ज्याला पायांत चढ मुरवायचा आहे त्याला तो वैशाखातही चढावा लागतो. तेव्हा गवत वाळलेले असते, कातळ तापलेला असतो आणि वाटेवर पाणी घेऊन कोणी उभे नसते. असते ती फक्त बरोबर धावणारी दुसरी व्यक्ती.

शरीर उन्हालाही शिकते. दहा ते चौदा दिवस रोज थोडा वेळ उष्म्यात श्रम केले की घाम लवकर सुटू लागतो, त्यातील क्षाराचे प्रमाण घटते, रक्तातील द्रवाचा अंश वाढतो आणि त्याच चढावर हृदयाचे ठोके पूर्वीपेक्षा कमी पडतात. मात्र या शिकण्याला एक मर्यादा आहे. धावणाऱ्याच्या शक्तीचा मोठा भाग उष्णतेच्या रूपानेच बाहेर पडतो, आणि ती निघून जाण्यापेक्षा वेगाने साठू लागली की शरीराचे तापमान चाळीस अंशांपलीकडे जाऊ शकते. पाय दुखला तर त्याची वार्ता बुद्धीपर्यंत पोचते; येथे ती वार्ता घेणारी बुद्धीच गढूळ होते. अशा अवस्थेतला माणूस अडखळतो, असंबद्ध बोलतो, चिडतो, आणि आपण ठीक आहोत असे ठामपणे सांगतो. त्याच्याविषयीचे सत्य त्याच्यापाशी उरलेले नसते. ते सोबत्याच्या डोळ्यांत असते.

सोबतीचा नैतिक प्रश्न येथून सुरू होतो. सोबती म्हणजे उत्तेजन, अशी सर्वसाधारण समजूत आहे. एकटा असता तर थांबला असता असा माणूस दुसऱ्यामुळे धावत राहतो. थंडीच्या दिवसांत हा गुण आहे. उन्हात तोच घातक ठरू शकतो. दोघांपैकी प्रत्येक जण दुसऱ्यासाठी थांबायला तयार असतो. दुसऱ्याला आपल्यासाठी थांबवायला मात्र तयार नसतो. या संकोचाला लोक विचारीपणा म्हणतात. वास्तविक तो अहंकाराचाच एक सभ्य प्रकार होय, कारण जे औदार्य माणूस स्वतः दाखवू इच्छितो, तेच दाखवण्याची संधी तो दुसऱ्याला नाकारतो.

काही शर्यतींच्या नियमांनी हा संकोच ओळखलेला दिसतो. ब्रिटनमध्ये १९६८ साली सुरू झालेल्या जोड्यांच्या दोन दिवसांच्या डोंगरी मॅरेथॉनमध्ये दोघांनी बरोबर राहणे हीच अट असते. वेळ दोघांची मिळून एक. म्हणजे पुढच्याचा वेग मागच्यानेच ठरतो. कॅलिफोर्नियात जून महिन्यात होणाऱ्या वेस्टर्न स्टेट्स या शंभर मैलांच्या शर्यतीत उत्तरार्धात एक सोबती घेता येतो, पण त्याने धावणाऱ्याचे पाणी किंवा सामान वाहायचे नसते. एका नियमाने सोडून जाण्यास मनाई केली, दुसऱ्याने भार उचलण्यास. या दोहोंच्या मध्ये जी जागा उरते ती साक्षीची आहे : दुसऱ्याचे श्रम न करता दुसऱ्याकडे पाहत राहणे.

पण साक्षीदाराने ‘थांब’ म्हटल्यावर ऐकायचे का? ज्याचे शरीर त्याचा निर्णय, हा आक्षेप हलका नाही. त्याचे उत्तर घाटाच्या पायथ्याशी शोधावे लागते. पहाटे, दोघांचीही बुद्धी निवळ असताना, ज्याला शंका येईल त्याच्या शब्दावर दोघांनी थांबायचे असे ठरले असेल, तर दुपारी तो शब्द पाळणे हे सोबत्याचे आज्ञापालन ठरत नाही. ते स्वतःच्याच पहाटेच्या निर्णयाचे पालन असते. शंका खोटी ठरू शकते. खोट्या शंकेने एक दिवसाचा सराव बुडतो. शंका गिळण्याने कधी माणूस जातो. ही दोन नुकसाने एका तराजूत घालता येत नाहीत.

भीमाच्या प्रश्नाला युधिष्ठिराने कारण सांगितले, आणि ते कारण खरेही असेल. उन्हात कोसळलेल्या माणसाचीही कारणे सांगता येतात : झोप अपुरी होती, वेग अंगाबाहेरचा होता, पाणी वेळेवर घेतले नाही. परंतु अशा वेळी पहिले काम त्याला सावलीत नेऊन, मिळेल त्या गार पाण्याने भिजवून, शरीर निववण्याचे असते. मदत बोलवायची ती हे करता करताच. त्याचे दोष मोजायला पुढे पुष्कळ दिवस मिळतात. ते दिवस त्याला मिळावेत, यासाठी पुढे गेलेल्याने आधी वळून पाहायचे असते.